नागपूरहून पहिली मुक्कामी भटकंती: परवानगी, पाणी आणि पाठपिशवी

नोव्हेंबर लागला, पहाटे पंखा बंद करावासा वाटू लागला की ऑफिसच्या नाहीतर कॉलेजच्या ग्रुपवर कोणीतरी टाकतंच, ‘चला बे, कुठंतरी मुक्कामी जाऊ.’ वीस जण ‘हौ’ म्हणतात, दहा जण पैसे देतात, आणि निघायच्या आदल्या दिवशी तिघांना ताप येतो. हा लेख उरलेल्या सात जणांसाठी आहे. आपली पिशवी आपल्या पाठीवर घ्यायची, एक रात्र बाहेर काढायची आणि दुसऱ्या संध्याकाळी घरी यायचं. एवढीच सहल, पण पहिल्यांदा कुठून सुरुवात करायची ते कळत नाही.

सुरुवातीलाच एक सांगतो. पुण्या-मुंबईकडच्या ट्रेकर्सचे लेख वाचून नागपूरची तयारी करू नका. त्यांच्याकडे किल्ल्यावर चढायचं, गुहेत किंवा देवळात पथारी टाकायची, टाक्याचं पाणी प्यायचं असा शिरस्ता आहे. आपल्याकडे चढ कमी, जंगल जास्त, पाणी बेभरवशाचं आणि त्या जंगलात वाघ. त्यामुळे आपल्या आखणीचा क्रमच उलटा: आधी झोपायचं कुठे ते ठरतं, चालायचं कुठून ते नंतर.

1. मुक्कामाची जागा पक्की करा

नागपूरच्या चहूबाजूंना राखीव जंगल आहे. उत्तरेला पेंच, दक्षिणेला उमरेड-कऱ्हांडला आणि त्यापलीकडे ताडोबा, पश्चिमेला बोर, पूर्वेला नवेगाव-नागझिरा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही, रात्री तंबू ठोकायचा तर प्रश्नच नाही. आग पेटवणं हा वेगळा गुन्हा. जे अभयारण्य नाही, नुसतं राखीव वन आहे, तिथेही 1927 चा वन कायदा लागू आहेच. नकाशावर हिरव्या पट्ट्यात एखादं निळं तळं दिसतं, कोणीतरी तिथल्या तंबूचा व्हिडिओ टाकलेला असतो आणि आपल्याला वाटतं, जमून जाईल. त्या व्हिडिओत नंतर आलेला वनरक्षक नसतो.

मग उरतं काय? गावातलं घर, होमस्टे, धर्मशाळा, वन विभागाचं किंवा पर्यटन महामंडळाचं निवासस्थान, किंवा मालकाने परवानगी दिलेलं शेत. नवख्यांसाठी माझ्या मते चार दिशा आहेत.

रामटेक-खिंडसी सगळ्यात जवळ, पन्नासेक किलोमीटर. मुक्कामापेक्षा सरावाला उत्तम, त्याबद्दल पुढे येईलच.

चिखलदरा सुमारे 1,100 मीटरवर. गाविलगडावर दिवसभर हिंडता येतं, पण राहायचं गावातच. बाजूला मेळघाट व्याघ्रप्रकल्प आहे, तेव्हा ‘इथून एक वाट खाली जाते’ म्हणत आत घुसायचं नाही.

पचमढी नागपूरकरांच्या ओळखीची. चौरागडाच्या पायऱ्या आणि 1,352 मीटरचं धूपगड, सातपुड्यातलं सर्वात उंच शिखर. मात्र बरीचशी ठिकाणं सातपुडा व्याघ्रप्रकल्पाच्या तिकिटावर आणि वेळेवर चालतात. नागद्वारची वाट तर वर्षातून नागपंचमीच्या आधीचे काही दिवसच उघडते, आणि तेव्हा तिथे अर्धा विदर्भ असतो. पहिल्या सहलीला ती गर्दी नको.

चौथी दिशा तामिया-पातालकोट, आणि माझं मत तिच्या बाजूने. छिंदवाडा जिल्ह्यात तामियाजवळ बाराशे ते पंधराशे फूट खोल दरी आहे, तिच्यात भारिया आणि गोंड लोकांची बारा गावं. दुधी नदी तिथेच उगम पावते. वरून उतरायचं, गावात राहायचं, सकाळी चढून यायचं. एका रात्रीच्या हिशोबात चपखल बसतं. तामियाजवळच्या सावरवानीसारख्या गावांत आणि खुद्द दरीतही होमस्टे सुरू झालेले आहेत. शिवाय दरीतल्या काही गावांपर्यंत आता गाडीरस्ता आहे, म्हणजे एखाद्याचा पाय मुरगळलाच तर बाहेर काढता येतं. नवख्यांच्या सहलीत ‘अर्ध्यातून परत कसं यायचं’ याचं उत्तर असलेली जागा निवडायची, बाकी सगळं दुय्यम.

लेखाचा पुढचा भाग हीच सहल डोळ्यासमोर ठेवून आहे, पण दुसरीकडे गेलात तरी फारसा फरक पडणार नाही.

2. महिना ठरवा

नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीचा मध्य. बस. मार्चमध्ये ऊन चढतं, शिवाय मोहाची फुलं गळायला लागतात आणि ती वेचायला माणसांसोबत अस्वलंही येतात. पावसाळ्यात दरी फार देखणी दिसते खरी, पण निसरडी वाट, फुगलेले ओढे आणि विजा हे नवख्यांचं काम नाही. दिवाळीची आणि 31 डिसेंबरची सुट्टी टाळा. जागा मिळत नाही, मिळाली तर शेजारी स्पीकर असतो.

डिसेंबर-जानेवारीत तामियाकडे रात्री नागपूरपेक्षा थंडी जास्त असते. ‘आपल्याला नाही वाजत’ म्हणणारा मित्र रात्री दोनला तुमचं पांघरूण ओढतो.

3. माणसं निवडा, आणि दोन जणांना कामं द्या

सहा ते दहा. सहापेक्षा कमी झाले तर गाडी महाग पडते, दहाच्या वर गेले की नुसती मोजदाद करण्यात दिवस जातो.

पुढे एक लीडर, मागे एक बॅकलीड. लीडर बहुतेक वेळा सगळ्यात उत्साही माणूस होतो आणि तरातरा पुढे निघून जातो. म्हणून मी बॅकलीडची निवड आधी करतो: गटातला सगळ्यात शांत, न चिडणारा माणूस, ज्याला शेवटी पोहोचण्यात कमीपणा वाटत नाही. त्याच्या पुढे सगळे, मागे कोणी नाही. प्रथमोपचाराचा डबा त्याच्याच पिशवीत, कारण ज्याला गरज पडते तो मागेच राहिलेला असतो.

प्रत्येकाला तीन प्रश्न एकेकट्याने विचारा, ग्रुपवर नाही: दमा, साखर, बीपी, फिट असं काही आहे का? रोजची गोळी कोणती? गुडघा किंवा पाठ दुखते का? ग्रुपवर सगळे ‘एकदम फिट’ असतात. मुली येणार असतील तर संडास कसा आहे, झोपायची सोय वेगळी आहे का, हे होमस्टेवाल्यांना तुम्ही आधीच विचारून त्यांना सांगा. त्यांनी विचारायची वाट पाहू नका. अठराच्या आतलं कोणी असेल तर आईवडिलांची लेखी परवानगी घ्या.

4. पैसे आणि गाडी

जो पैसे भरेल तोच येणार. अर्धी रक्कम तीन आठवडे आधी, उरलेली एक आठवडा आधी. गाडीचं भाडं माणशी विभागलेलं असतं, त्यामुळे ऐन वेळी कोणी गळालं की बाकीच्यांवर बोजा पडतो. तेव्हा शेवटच्या आठवड्यात नाव काढलं तर गाडीचा वाटा परत मिळणार नाही, हे पहिल्याच मेसेजमध्ये लिहून टाका. मैत्रीत हे लिहायला अवघड वाटतं, नंतर भांडायला त्याहून अवघड. वाटेतला चहा-नाश्ता टीटीएमएम.

नागपूर ते तामिया सुमारे 185 किलोमीटर: सावनेर, सौसर, छिंदवाडा, परासिया. पहाटे पाचला निघालात तर दहाच्या आसपास पोहोचता. सौसरजवळ जामसावळीच्या हनुमंताला थांबायचा आग्रह कोणीतरी धरणारच, तो येताना पुरवा. जाताना थांबलात की तास गेला. सिल्लेवानीच्या घाटात ज्यांना गाडी लागते त्यांना पुढच्या सीटवर बसवा.

इथला सापळा असा: आपण राज्याबाहेर जातोय. भाड्याची गाडी घेत असाल तर मध्य प्रदेशात जायचा परवाना आहे का, हे मालकाला आधी विचारा आणि कागद फोटोत मागून घ्या. ओळखीच्याची पांढऱ्या पाटीची गाडी ‘थोडे पैसे देऊन’ नेणं स्वस्त वाटतं, पण खासगी गाडी भाड्याने चालवता येत नाही आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. बसने जाणार असाल तर छिंदवाड्याला बदलावी लागू शकते. रविवारी परतीची शेवटची बस कधी ते शनिवारी उतरल्याउतरल्या स्टँडवर विचारून घ्या.

5. कागद

एका प्लॅस्टिकच्या पाकिटात, बॅकलीडकडे नाही, लीडरकडे:

- प्रत्येकाचं आधार किंवा दुसरं फोटो ओळखपत्र, मूळ आणि एक झेरॉक्स. होमस्टेत नोंद करतात.
- होमस्टेचं बुकिंग आणि तिथल्या माणसाचा नंबर, कागदावर लिहिलेला. फोन बंद पडतो, कागद पडत नाही.
- वन विभागाची किंवा प्रवेशाची काही पावती लागत असेल तर ती.
- गाडीचे कागद, चालकाचा परवाना.
- सगळ्यांची यादी: नाव, वय, रक्तगट, आजार, औषधं, घरचा नंबर.

या यादीची एक प्रत नागपुरात घरी राहणाऱ्या एका माणसाकडे द्या. सोबत सांगून ठेवा: रविवारी रात्री नऊपर्यंत फोन आला नाही तर अमुक नंबरवर विचार. दरीत नेटवर्क मिळेलच असं धरून चालू नका.

6. पिशवी

इथे जरा सविस्तर लिहितो, कारण सहल सुखाची होते की दुःखाची ते इथेच ठरतं.

नवख्या माणसाने आपल्या वजनाच्या पंधरा टक्क्यांवर ओझं घेऊ नये. साठ किलोच्या माणसाला नऊ किलो, पाण्यासकट. पहिल्या सहलीला होमस्टेतच झोपा, तंबू नेऊ नका. तिघांचा तंबू अडीच-तीन किलोचा असतो, शिवाय तो लावायला अंधार पडायच्या आत पोहोचावं लागतं. तंबूची हौस दुसऱ्या खेपेला.

पिशवी 40 ते 50 लिटरची, कमरेचा पट्टा असलेली. विकत घेऊ नका, भाड्याने किंवा उसनी आणा. कॉलेजची लॅपटॉप बॅग चालत नाही, तिला कमरेचा पट्टा नसतो आणि सगळा भार खांद्यावर येतो. पिशवी घालताना आधी कमरेचा पट्टा हाडावर बसवून आवळायचा, मग खांद्याचे पट्टे ओढायचे. बहुतेक जण उलटं करतात आणि तासाभरात मान चोळायला लागतात.

भरायचा क्रम: तळाशी पांघरूण किंवा स्लीपिंग बॅग, मधे पाठीला लागून जड वस्तू, बाहेरच्या बाजूला कपडे, सगळ्यात वर स्वेटर, खाऊ आणि बॅटरी. आत आधी एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि सामान तिच्यात भरा.

एवढं लागतं: घातलेले कपडे सोडून एक जोडी सुती नसलेले कपडे, झोपायला वेगळी जोडी, मोज्यांच्या दोन जोड्या, स्वेटर किंवा जाड जॅकेट, कानटोपी, डोक्याला लावायची बॅटरी आणि तिचे जादा सेल, टोपी, पांघरूण, ताट-वाटी-ग्लास, टूथब्रश, साबणाचा तुकडा, टॉयलेट पेपर, आपली औषधं, शिट्टी. जीन्स नको, ओली झाली की वाळत नाही आणि मांड्या सोलते. बूट नवे कोरे नकोत.

निघायच्या आठवडाभर आधी सगळ्यांना भरलेल्या पिशव्या घेऊन एकाच्या घरी बोलवा. हॉलच्या मधे वजनकाटा ठेवा. प्रत्येकाने पिशवी जमिनीवर रिकामी करायची, बाकीच्यांनी बघायचं. त्यातून काय काय निघतं ते बघण्यासारखं असतं: दुसरी जीन्स, डिओची उंच बाटली, कोणाचा तीन पुडांचा स्टीलचा डबा, कोणाचा ब्लूटूथ स्पीकर, चार जणांच्या चार टूथपेस्ट, आणि आईने दिलेला किलोभर चिवडा. चिवडा ठेवा, डबा काढा. चार टूथपेस्टची एक करा. स्पीकर यजमानाच्या कपाटात. मग पुन्हा भरा, पुन्हा काट्यावर ठेवा. काटा नऊवर आला की चहा.

7. पाणी आणि खाणं

गाडीतून उतरताना प्रत्येकाच्या पाठीवर तीन लिटर. ‘वाटेत ओढा आहे’ यावर विसंबू नका. सातपुड्यातले बरेच ओढे डिसेंबरनंतर आटत जातात, आणि जे वाहतात त्यात वर कुठेतरी गुरं बसलेली असतात. ओढ्याचं किंवा विहिरीचं पाणी प्यायचंच झालं तर खळखळून उकळी येऊ द्या, ती मिनिटभर राहू द्या, किंवा क्लोरीनची गोळी टाकून पाकिटावर लिहिलेला वेळ पूर्ण थांबा. थंड पाण्याला गोळी जास्त वेळ घेते.

ओआरएसची पाकिटं माणशी दोन. थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी पित नाहीत आणि चढावर डोकं दुखायला लागतं. दर अर्ध्या तासाने लीडरने थांबून ‘दोन घोट’ म्हणायचं, सगळ्यांनी प्यायचं.

दुपारचं जेवण घरून: पोळ्या, कोरडं बेसन, ठेचा, दोन संत्री. त्या दिवसात सौसरच्या रस्त्यावर संत्र्यांचे ढीग लागलेले असतात, तिथेच घ्या. सालं परत पिशवीत, ‘कुजून जातं’ म्हणून फेकायची नाहीत. रात्रीचं आणि सकाळचं जेवण होमस्टेत आधी सांगून ठेवा. मक्याची रोटी, डाळ, भाजी, कुटकीचा भात असं मिळतं, आणि ते आपल्या मॅगीपेक्षा दसपट चांगलं असतं. दहा जणांनी न सांगता संध्याकाळी जाऊन जेवण मागणं हा त्या घरावर अन्याय आहे, त्यांच्याकडे पीठ मोजकं असतं. शेंगदाणे, गूळ आणि सातूची पिशवी अडीअडचणीला वेगळी ठेवा आणि उरली तर परत आणा.

आदल्या रात्री सावजी नको. एवढ्यावरून समजून घ्या.

चूल, गॅस काही नेऊ नका. रेल्वेने जात असाल तर गॅसचा डबा डब्यात चढवताच येत नाही.

8. सराव

दोन आठवडे आधीच्या रविवारी रामटेकला जा. सकाळची गाडी किंवा बस, अंबाळ्याच्या तलावापासून पायऱ्यांनी गडमंदिर, परत खाली, पुन्हा वर. पाठीवर भरलेली पिशवी असू द्या. लोक बघतील, बघू द्या. कोणाची टाच लागते, कोणाचा दम किती, कोण न बोलता मागे पडतं, हे सगळं तिथे कळतं. रामटेकला जो आला नाही त्याने पुढे येऊ नये असा नियम करता आला तर करा. आठवड्यातले इतर दिवस सेमिनरी हिल्सच्या चढावर किंवा फुटाळ्याभोवती तासभर चालणं पुरे.

9. चालण्याचा दिवस

वाट दाखवायला गावातला माणूस घ्या, मोबाइलचा नकाशा असला तरी. त्याची मजुरी आधी ठरवा आणि घासाघीस करू नका. दरीत उतरणाऱ्या पायवाटा फुटत जातात, त्यातली कुठली गावात जाते आणि कुठली गुरांच्या पाण्याकडे, हे त्यालाच ठाऊक.

पिशवीसकट नवखा गट उताराला तासाला दोन किलोमीटर धरा, चढाला त्याहून कमी. पहिल्या दिवशी सहा-सात किलोमीटरच्या वर आखू नका. डिसेंबरात साडेपाचला सूर्य मावळतो आणि दरीत ऊन त्याच्या कितीतरी आधी निघून जातं. चारच्या आत गावात पोहोचायचं.

चढापेक्षा उतारच नवख्यांना पाडतो. वाट मुरमाड असते, सुटे खडे टाचेखाली गोट्यांसारखे फिरतात. शरीर मागे रेलू देऊ नका, गुडघे किंचित वाकवून आखूड पावलं टाका. पूर्ण पाऊल टेका. हाताला काठी असू द्या. झाडाची फांदी धरायच्या आधी ती जिवंत आहे का बघा. दोन माणसांत चार-पाच हातांचं अंतर ठेवा, म्हणजे वरच्याच्या पायाखालचा दगड खालच्याला लागणार नाही, आणि सुटलाच तर ‘दगड’ म्हणून ओरडा.

टाचेला गरम-गरम लागलं की तिथल्या तिथे थांबा. फोड यायच्या आधी चिकटपट्टी लावली तर दोन मिनिटांचं काम, नंतर दोन दिवसांचं दुखणं. नवखी माणसं गटाला थांबवायला लाजतात, म्हणून पहिल्या अर्ध्या तासानंतर लीडरनेच सगळ्यांना बूट काढून बघायला लावावं.

चालताना बोलत राहा. अस्वल अचानक समोर आलं तर अंगावर येतं. माणसांची चाहूल लागली तर बहुधा आधीच बाजूला होतं.

10. गावात

तुम्ही कोणाच्या तरी अंगणात आहात. फोटो विचारून काढा. पोरांना चॉकलेटं वाटू नका, त्याने पोरं येणाऱ्या प्रत्येक गाडीमागे धावायला शिकतात. काही द्यायचंच असेल तर घरमालकिणीकडून मध किंवा धान्य विकत घ्या. दारू नको. शेकोटी घरच्यांनी पेटवली तर बसा, स्वतः लाकडं तोडायला जाऊ नका.

जमिनीवर झोपू नका, खाट मागा. मण्यार रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्यांना चावतो आणि चावल्याचं बरेचदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखून जाग येते. खाट नसेल तर मच्छरदाणी, कडा अंथरुणाखाली नीट खोचून. रात्री उठलात तर बॅटरी आणि बूट दोन्ही, आणि बूट घालण्याआधी झटकायचे. विंचवांना बूट आवडतात.

संडास नसेल तर पाण्यापासून साठ-सत्तर मीटर लांब, वीतभर खड्डा, वरून माती. पॅड आणि ओले टिश्यू वेगळ्या काळ्या पिशवीत बांधून नागपूरला परत.

11. काही झालंच तर

साप चावला: माणसाला हलू देऊ नका, अंगठी-कडं काढा, पाय काठी बांधून स्थिर करा आणि सरकारी रुग्णालय गाठा. दोरीने आवळायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, मंत्र नाही. तामिया जवळ, पुढे छिंदवाड्याला जिल्हा रुग्णालय. 108 दोन्ही राज्यांत चालतो, 112 सुद्धा. पण गावातली जीप लवकर येत असेल तर वाट बघत बसू नका.

कोणी हरवलं: ज्याला कळलं की आपण चुकलो, त्याने तिथेच बसायचं आणि तीन शिट्ट्या, थोडं थांबून पुन्हा तीन. शोधायला एकट्याने जायचं नाही.

कोणाला चढवतच नसेल: त्याची पिशवी दोघांत वाटा, आणि तरीही जमत नसेल तर गाडीरस्त्याच्या गावाकडे वळा. वरचा व्ह्यू पॉइंट राहिला तर राहिला.

12. परत आल्यावर

सोमवारी स्लीपिंग बॅग गच्चीवर वाळत घाला, गुंडाळून ठेवली की वास लागतो. उसन्या पिशव्या झटकून, चेन तपासून परत करा, म्हणजे पुढच्या वेळीही मिळतील. काखेत, कंबरेला, गुडघ्यामागे गोचीड चिकटलेत का बघा. दिसला तर चिमट्याने कातडीला लागून धरून सरळ ओढायचा, रॉकेल-काडी काही नको. हिशोब बुधवारच्या आत ग्रुपवर टाका, उरलेले पैसे तेव्हाच परत करा. होमस्टेवाल्यांना पोहोचल्याचा फोन करायचा राहिला असेल तर तोही आजच.